घर क्रमांक सात

‘घर क्रमांक सातमधली नोंद सगळ्यांत विश्वासार्ह धरली आहे, कारण तिथे राहणाऱ्या ताई स्वतः शास्त्रज्ञ आहेत.’

सुखदानं हे वाक्य वाचलं, पुढच्या ओळीवर गेली आणि परत मागे आली. लेख सगळा इंग्रजीत होता, शाळकरी मुलं लिहितात तशा ताठ, इस्त्री केलेल्या इंग्रजीत. त्यात ‘ताई’ हा एकच शब्द रोमन अक्षरांत तसाच बसला होता. जानेवारीतला शनिवार होता, दुपारचे दोन वाजले होते. फरीदाबादमधल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत हिवाळ्यात ऊन यायचं ते दीड ते सव्वादोन, तेही पलंगाच्या पायथ्याशी टॉवेलाएवढं. त्या तुकड्यात पाय ठेवून मुलांचे लेख वाचायचे हा तिचा सुट्टीचा नेम होता. आजही पाय उन्हात होते. तळवे मात्र गार पडत चालले होते, आणि हे कशामुळे होतं, रक्त कुठून निघून कुठे जातं, हे ती कुणालाही नीट समजावून सांगू शकली असती.

दीड वर्षापूर्वी पुण्याहून इथे आली तेव्हा तिला वाटलं होतं, माणसं आपोआप ओळखीची होतात, जशी खोली आपोआप सवयीची होते. एका रंगांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी होती. रंगाचा दाटपणा मोजायचा, किती मिनिटांत वाळतो ते मोजायचं, तक्त्यात भरायचं. शेजारच्या टेबलावरची देवयानी आणि पलीकडचा अमोल दोघंही चांगले होते. देवयानी गुरगावहून यायची आणि पाच वाजता कॅबसाठी पळायची. अमोलला वर्षाची मुलगी होती आणि तो मोबाइलवर तिचे फोटो दाखवायचा. यापुढे काही घडत नव्हतं. घडत नाही याचं कुणाला वाईट वाटतं असंही नव्हतं. मग एकदा तिला शाळकरी मुलांचं संशोधन छापणाऱ्या एका छोट्या नियतकालिकाची जाहिरात दिसली. मुलांच्या लेखांवर अभिप्राय द्यायला विज्ञानाचे पदवीधर हवे होते. मानधन नव्हतं. लेखकाला परीक्षकाचं नाव कळत नाही आणि परीक्षकाला लेखकाचं. हा नियम वाचून दुसरं कुणी मागे सरलं असतं, सुखदाला तोच आवडला. आतापर्यंत तिचे एकतीस लेख झाले होते. कुणी कांद्याच्या सालींपासून रंग काढला होता, कुणी मेट्रोच्या डब्यातला आवाज मोजला होता, एकानं तर आपल्याच तीन आत्यांच्या विसराळूपणाचा अभ्यास केला होता. ती एकेका लेखावर चार-चार पानं लिहायची. आकडा का महत्त्वाचा, एक मोजमाप पुरत नाही ते का, न पटणारा निकाल का लपवायचा नाही. लिहिताना तिचं वाक्य लांबत जाई, मऊ होत जाई. आठवडाभरात ती कुणाशी इतकं लांब बोलत नसे. मुलांची उत्तरं यायची, ‘प्रिय परीक्षक क्रमांक दोन’. ती उत्तरं तिनं एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली होती आणि हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला तसं कुणी नव्हतंही.

हा लेख हवेबद्दल होता. हिवाळ्यात बाहेरचा धूर आत येऊ नये म्हणून आपण खिडक्या गच्च लावून घेतो, पण मग आत आपणच श्वास टाकत राहतो, त्या हवेचं काय? लेखिकेनं (‘माझी आजी म्हणते खिडकी उघड, माझी आई म्हणते लाव’ या वाक्यावरून सुखदानं ती मुलगी असावी असं उगाचच धरलं होतं) एकाच सोसायटीतली, एकाच नकाशाची बारा घरं घेतली होती. शाळेतून आणलेला कार्बन डायऑक्साइडचा मीटर प्रत्येक घरात बाहेरच्या खोलीत तीन तीन दिवस ठेवला होता. संध्याकाळी सात ते दहा. मीटर आपली नोंद आपण ठेवायचा. खोलीत किती माणसं होती ते घरातल्यांनी शेजारी चिकटवलेल्या कागदावर लिहायचं. आलेख सुंदर होता. आडव्या अक्षावर माणसं, उभ्यावर मीटरचा आकडा, आणि अकरा ठिपके एका तिरक्या रेषेला धरून वर चढत गेलेले. माणूस एक असेल तर नऊशेच्या थोडं वर, चार असतील तर तेवीसशे-चोवीसशे. बारावा ठिपका उजवीकडे खाली एकटाच पडला होता. घर क्रमांक सात. सरासरी माणसं चार, आकडा नऊशेतीस. तक्त्यात त्या घरापुढे लिहिलं होतं : ‘कायमचे रहिवासी – एक. पाहुणे – रोज.’

रोज, हा शब्द तिनं तीनदा वाचला.

नोव्हेंबरमध्ये, दिवाळी होऊन गेल्यावर, जिन्यात विनयाकाकू भेटल्या होत्या. चौथ्या मजल्यावरचं हे एकच मराठी घर. तीन पिढ्या दिल्लीत. काकूंचे सासरे, पद्माकर आजोबा, केंद्र सरकारच्या नोकरीत होते, सगळी हयात आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेली, निवृत्तीनंतर इकडे फ्लॅट घेतला, ही सगळी माहिती काकूंनी पहिल्याच भेटीत दीड मजला चढेपर्यंत दिली होती. त्या दिवशी त्यांच्या हातात मुळ्याची जुडी होती. ‘एकटीच असतेस ना गं? शाम को क्या करती है? कंटाळा नाही येत?’ प्रश्नात काही वाईट नव्हतं. काकूंच्या चेहऱ्यावर फक्त कळवळा होता, आणि तो कळवळा सुखदाला अंगावर ओला कपडा पडावा तसा झाला. ‘नाही हो काकू, ऑफिसमधले येतात ना बऱ्याचदा,’ ती म्हणाली. ‘गप्पा होतात, जेवणं होतात.’ इतकं सहज आलं ते तोंडून. आईला फोनवर रोज सांगायची सवयच होती, आज देवयानीकडे गेलो, आज अमोलनं बिर्याणी आणली. काकू ‘अच्छा, चलो, बरं झालं’ म्हणाल्या आणि वर गेल्या. जिन्यात मुळ्याचा वास राहिला. त्यानंतर दहाएक दिवसांनी त्यांची देविका, नववीतली, जाड चष्म्याची, दारात मीटर घेऊन उभी राहिली. ‘ताई, शाळेचा प्रोजेक्ट आहे. तीन दिवस, बस. तुम्हाला काहीच नाही करायचं, फक्त किती जण ते लिहायचं.’ आणि मग, मीटर टेबलावर सरळ ठेवता ठेवता, अगदी आनंदानं, ‘आई म्हणाली तुमच्याकडे खूप लोक येतात. मेरे को ऐसा घर चाहिये था. बाकी सगळीकडे दोन-तीन, दोन-तीन.’

पहिल्या संध्याकाळी, शुक्रवारी, दहा वाजता ती पेन घेऊन त्या कागदापुढे उभी राहिली. एक लिहायला हात उचलला होता. हा कागद देविका नेणार, काकू बघणार, मुळ्याच्या जुडीवरून तो कळवळा पुन्हा वर चढून येणार. तिनं तीन लिहिलं. लिहिल्यावर तिला वाटलं, नुसता आकडा लिहून भागत नाही, त्याच्यामागे माणसं लागतात. तेव्हा देवयानी खुर्चीवर बसली, अमोल पलंगाच्या कडेला. अमोलनं मुलीचे फोटो दाखवले. देवयानीनं एकदाही घड्याळ बघितलं नाही. सुखदानं दोन जास्तीचे कप विसळून ओट्यावर पालथे घातले, सकाळी देविका आलीच तर असावेत म्हणून, आणि कप पुसायला घेतला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण तो धुण्याआधी वापरलेलाच नव्हता. शनिवारी तिनं पाच लिहिले. सुट्टीचा दिवस, पाच शोभतात. रविवारी चार. शेजारी मीटरचा हिरवा दिवा दर मिनिटाला एकदा लुकलुकत होता. तिला ठाऊक नव्हतं असं नाही. बसलेला माणूस ताशी किती लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, एवढ्या खोलीत तीन तासांत तो आकडा किती चढावा, हे तिनं तिथेच उभ्या उभ्या मनात मांडलंही होतं. पण मग वाटलं, शाळेचा प्रोजेक्ट आहे. रंगीत कागदाचं वेष्टण, बाईंची सही, मार्चमध्ये रद्दी. कोण बघतंय.

कोण बघतंय, हे तिच्या मनात आलं होतं. एकतीस लेखांवर चार-चार पानं लिहिणाऱ्या तिच्या मनात.

आणि देविका परत आली होती. हे आठवलं तेव्हा सुखदानं लॅपटॉप बाजूला ठेवला, कारण मांडीला त्याची उष्णता एकदम नकोशी झाली. डिसेंबरचा पहिला आठवडा असेल. हातात अगरबत्ती आणि काडेपेटी. ‘ताई, तुमची खिडकी चेक करायची आहे. कुठून तरी हवा येत असणार.’ तिनं अगरबत्ती पेटवली आणि खिडकीच्या चौकटीच्या कडेकडेनं, बोटभर अंतरानं, श्वास रोखून फिरवत नेली. धूर सरळ वर जात होता. एकदा, दोनदा. मग दाराच्या फटीपाशी. मग परत खिडकी. ‘सीधा जा रहा है,’ देविका पुटपुटली, चष्मा वर सरकवला आणि गुडघ्यांवर बसून खालच्या पट्टीपासून पुन्हा सुरू केलं. सुखदा भिंतीला टेकून बघत होती. तिनं चहा विचारला. देविका म्हणाली, नको, चहा केला तर गॅसमुळे हवा बदलेल. तेव्हा सुखदाला हसू आलं होतं आणि बरंही वाटलं होतं. खोलीत कुणीतरी होतं. या मुलीची पद्धत चांगली आहे, असं ती मनात म्हणाली होती. परीक्षकासारखं.

आता तीच संध्याकाळ लेखात एका परिच्छेदाची झाली होती. ‘मी घर क्रमांक सातची खिडकी अगरबत्तीच्या धुरानं तीन वेळा तपासली. फट सापडली नाही. मीटर माझ्या घरी आणून पुन्हा तपासला, तो बरोबर होता. माझ्या शिक्षिकेनं सुचवलं की हे घर गाळून टाक. पण मला त्यात एकही चूक सापडलेली नाही, त्यामुळे ते गाळण्याचा मला अधिकार नाही. मला कारण माहीत नाही.’ सुखदानं ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. एम.एस्सी.ला असताना तिचं एक मोजमाप जुळत नव्हतं आणि अकरा वेळा तिनं प्रयोग पहिल्यापासून केला होता; मैत्रिणी म्हणाल्या, अगं एक दशांश पुढेमागे, कोण विचारतंय. तिनं ऐकलं नव्हतं. ‘मला कारण माहीत नाही’ असं वाक्य प्रबंधात लिहिण्याचं धाडस मात्र तिला तेव्हाही झालं नसतं. एक आकडा कधी खोटा लिहिला नाही, ही तिची स्वतःबद्दलची माहिती होती. नाव, उंची, रक्तगट सांगावा तशी.

लेखाच्या खाली परीक्षक क्रमांक एकचा अभिप्राय येऊन पडला होता. सहा ओळी. ‘घर क्रमांक सातचा आकडा अशक्य आहे. मोजमाप तरी निष्काळजी किंवा नोंद तरी. लेखकाला दोन्हीतला फरक कळत नसेल तर उरलेल्या अकरा घरांवर विश्वास का ठेवावा? छापू नये.’ तिला राग आला आणि राग कुठे ठेवावा ते कळेना, कारण आकडा अशक्यच होता. तिनंच हा लेख अनोळखी म्हणून वाचला असता तर थोड्या मऊ शब्दांत हेच लिहिलं असतं.

तिनं अविनाश सरांना फोन लावला. ते नियतकालिकाचं काम बघायचे, पूर्वी कॉलेजात शिकवत होते, आणि फोनवर नेहमी मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. ‘बोला सुखदा मॅडम. शनिवारी फोन म्हणजे लेख एकतर फारच चांगला किंवा चोरलेला.’

‘सर, लेखिका माझ्या ओळखीची निघाली.’

‘अरे यार. मग नियम सोपा आहे, तुम्ही बाजूला व्हा. दोन ओळींची मेल टाका.’

‘मग लेखाचं काय होईल?’

‘दुसरा परीक्षक शोधायला आता वेळ नाही हो, बुधवारी अंक बंद होतोय. एकाच अभिप्रायावर जाईल.’

‘म्हणजे नाकारला जाईल.’

‘पहिला काय म्हणतोय? छापू नये? मग हो, बिल्कुल.’ शिट्टी झाली. ‘तुम्हाला लेख बरोबर वाटतोय का?’

‘लेख बरोबर आहे. सातव्या घरातली नोंद खोटी असावी.’

‘असावी म्हणजे? तुम्हाला कसं कळलं?’

इथे सांगायचं होतं. पाच शब्दांचं वाक्य होतं, तिनं ते मनात जुळवलंही. ‘शंका आहे,’ ती म्हणाली.

‘शंकेवर मी काय करणार? ते लेखिकेनं शोधायला हवं. बुधवारपर्यंत तिनं दुरुस्त करून पाठवलं तर मी बघतो. पण तिला कोण सांगणार? तुम्ही तर सांगू शकत नाही.’

परीक्षक म्हणून सांगू शकत नव्हती. ऊन पलंगावरून उतरून केव्हाच गेलं होतं. ती तशीच बसून राहिली. वर चौथ्या मजल्यावर कुणीतरी काहीतरी जड सरकवलं, आणि तिला जाणवलं की दोन मजल्यांचं हे अंतर तिनं दीड वर्षात एकदाही चढलेलं नाही. काकू बोलवायच्या, गणपतीला, तिळगुळाला. ती ‘येते हं’ म्हणायची. तिला भीती वाटायची की त्या घरात गेलं, भाजीच्या फोडणीचा वास आला, कुणीतरी ‘बस ना गं’ म्हणालं, तर आपल्याला उठता येणार नाही, आणि ते सगळ्यांना दिसेल. संध्याकाळी आईचा फोन आला. आज कोण कोण होतं गं, आईनं विचारलं. ‘हॅलो? आवाज येत नाही.’ ‘येतोय आई,’ ती म्हणाली, ‘आज कुणी नव्हतं.’ आईला ते काही विशेष वाटलं नाही. तिनं मामांच्या गुडघ्याचं सांगायला सुरुवात केली.

रविवारी सकाळी अकराला तिनं चौथ्या मजल्याची घंटा वाजवली.

‘अगंबाई! आज इकडे कुठे वाट चुकलीस?’ काकूंचे हात कणकेचे होते. त्यांनी कोपरानं दार ढकललं. ‘ये, ये. बाबा, कोण आलंय बघा. दुसऱ्या मजल्यावरची सुखदा.’

गॅलरीतल्या धुरकट उन्हात पद्माकर आजोबा कानटोपी घालून बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. ‘मैफलवाली का? बस बेटा. आमच्याकडे आपले तेच तेच चेहरे, तू म्हणे रोज पाच-पाच माणसं बसवतेस.’

‘हो ना,’ काकू आतून म्हणाल्या. ‘देविकाच्या कागदावर बघितलं मी. आवाज मात्र कधी येत नाही गं तुमचा. फारच शहाणी पोरं दिसतात.’

‘आम्ही आर. के. पुरमला असताना,’ आजोबा म्हणाले, ‘चार माणसं जमली की वरचा बॅनर्जी काठी आपटायचा.’

सुखदा हसली. मग तिला दिसलं की आपण हसतो आहोत, म्हणजे अजूनही चालू आहे. ‘देविका आहे?’ तिनं विचारलं. देविका आतल्या खोलीतून कानातली वायर काढत बाहेर आली आणि तिला बघून एकदम खुलली. ‘ताई! तुम्हाला सांगायचंच होतं, मी तो प्रोजेक्ट एका ठिकाणी पाठवला. आवडला तर छापतील. दोन सायंटिस्ट वाचतात म्हणे. असली के सायंटिस्ट.’

काकू हात धुऊन पदराला पुसत आल्या. देविकाला एकटीला बाजूला घेऊन सांगावं असं ठरवून सुखदा आली होती. पण त्या घराचा नकाशा तिच्याच घराचा होता, बाहेरची खोली तीच, खिडकी त्याच जागी, आणि इथे चार माणसं उभी-बसलेली होती. बाजू कुठे नव्हतीच. ‘देविका,’ ती म्हणाली, ‘त्या तीन दिवसांत माझ्याकडे कुणी आलं नव्हतं. मी खोटं लिहिलं होतं. तिन्ही दिवस मी एकटीच होते.’

आजोबांनी कानटोपी एका कानावरून वर केली, ऐकू आलं नाही म्हणून की आलं म्हणून, ते कळलं नाही. काकू म्हणाल्या, ‘अगं पण…’ आणि थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर तो कळवळा हळूहळू वर येताना सुखदानं पाहिला. ती इतके दिवस ज्याला भीत होती तो हाच. फार मोठा नव्हता. देविकाकडे बघणं जास्त कठीण होतं. तिच्या चेहऱ्यावर कळवळा नव्हता.

‘पण मी अगरबत्ती घेऊन आले होते,’ देविका म्हणाली.

‘हो.’

‘तीनदा फिरवली. तुम्ही तिथेच उभ्या होतात. बघत होतात.’

‘हो.’

‘तुम्हाला माहीत होतं धूर सरळच जाणार.’

‘देविका!’ काकू म्हणाल्या. ‘ताई मोठी आहे तुझ्यापेक्षा. असं बोलतात?’

‘आई, तुला नाही कळत. टीचरनं सांगितलं होतं हटा दे. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, ताई सायंटिस्ट आहेत, त्या चुकीचं लिहिणारच नाहीत.’ तिचा आवाज फाटला, पण ती रडली नाही. आत गेली आणि लॅपटॉप घेऊन आली. जेवणाच्या टेबलावरचा पोळपाट कोपरानं सारून तिनं तक्ता उघडला. ‘एकवीस नोव्हेंबर?’

‘एक,’ सुखदा म्हणाली.

‘बावीस?’

‘एक.’

‘तेवीस?’

‘एक.’

पडद्यावर उजवीकडे खाली पडलेला ठिपका उचलला गेला आणि डावीकडे जाऊन बरोबर रेषेवर बसला. ‘आ गया!’ देविका ओरडली, खुर्चीतून अर्धी उठलीच. ‘एकदम लाइन पर! आजोबा, बघा ना!’ मग तिचं लक्ष सुखदाकडे गेलं आणि तो आनंद तिनं घाईघाईनं आवरला. सुखदाला तिला सांगावंसं वाटलं, आवरू नकोस, तो तुझा आहे. तिलाही तो ठिपका नीट बसलेला दिसत होता, आणि त्याचं एक विचित्र, कोरडं समाधान झालं होतं. आपण एकटे आहोत हे कुणीतरी न सांगता आधीच मोजून ठेवलं होतं, दशांशासकट, आणि ते मोजमाप अचूक होतं.

‘बुधवारच्या आत दुरुस्त करून पाठव,’ ती म्हणाली. ‘कारणही लिही. रहिवाशानं माणसांची संख्या खोटी नोंदवली होती आणि नंतर स्वतः तसं कबूल केलं.’

‘बुधवार तुम्हाला कसं माहीत?’

‘त्या दोन वाचणाऱ्यांतली एक मी होते. आता नसेन.’

देविकानं चष्मा काढून पुसला. तिला हे नीट पोचलं की नाही कळेना. ती पडद्याकडेच बघत होती. मग सावकाश म्हणाली, ‘मग बाकीच्या अकरा घरांचं काय? तुम्ही लिहू शकता तर कोणीही लिहू शकतं. त्यांचे ठिपके लाइनवर आहेत म्हणून मी त्यांना विचारलंच नाही.’

परीक्षक क्रमांक दोननं चार पानांत जे लिहिलं असतं ते हेच होतं. ‘मी येऊ का तुझ्याबरोबर?’ सुखदानं विचारलं.

‘नको,’ देविका म्हणाली. ‘तुम्ही पण त्यातल्याच आहात.’

काकू चहा घेऊन जा म्हणत होत्या. सुखदानं या वेळी ‘येते हं’ म्हटलं नाही. ती बसली, अर्धा कप चहा प्यायली. आजोबा बॅनर्जीची काठी पुन्हा सांगू लागले आणि काकू मधूनमधून तिच्याकडे बघत राहिल्या. मग ती खाली आली. अविनाश सरांना मेल लिहायला बसली. ‘घर क्रमांक सात म्हणजे मी. नोंद मी खोटी लिहिली होती. परीक्षकांच्या यादीतून माझं नाव काढावं असं तुम्हाला वाटलं तर ते योग्यच होईल.’ एवढ्याला पाऊण तास लागला. पाठवून झाल्यावर तिनं ते फोल्डर उघडलं, ‘प्रिय परीक्षक क्रमांक दोन’, आणि काही न वाचता बंद केलं. जिन्यातून वरच्या मजल्यावरून देविकाचा आवाज येत होता. घंटा, दार, मग तोच प्रश्न. ‘आंटी, उन तीन दिनों में शाम सात से दस, सचमुच कितने लोग थे?’ कुणीतरी वैतागून काहीतरी म्हणालं. कुणीतरी हसलं. प्रत्येक दाराशी शब्द तेच होते, आवाजाची उंचीसुद्धा तीच. तिनं प्रश्न लिहून काढला असणार. पद्धत बरोबर होती.

शेजारच्या घर क्रमांक सहाचं दार लागलं आणि सुखदाची घंटा वाजली.

दारात देविका होती, हातात खाली पुठ्ठा लावलेला कागद. सुखदा बोलणार इतक्यात तिनं कागदाकडे बघून वाचायला सुरुवात केली. सगळ्यांना विचारला होता तसाच, हिंदीत, एकही शब्द न गाळता. उन तीन दिनों में. शाम सात से दस. सचमुच. वाचून झाल्यावर पेन टेकवून ती थांबली. वर बघितलं नाही. सकाळी सांगितलेलं तिनं धरलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना विचारलेल्या या प्रश्नाला मिळालेलं उत्तर नव्हतं.

‘एक,’ सुखदा म्हणाली.

‘पक्का?’

‘हो.’

देविकानं तो लिहिला आणि कागद सहीसाठी पुढे केला. सुखदानं सही केली, तारीख घातली. वरच्या सहा ओळींत सहा सह्या होत्या, आणि दोन ठिकाणी जुना आकडा खोडून नवा लिहिलेला होता. कुणाचा ते बघायच्या आत देविकानं कागद मागे घेतला.

‘थँक यू, आंटी,’ ती म्हणाली आणि पुढच्या दाराकडे वळली.